पंखा फिरला पाहिजे

तिनं इंजिन सुरू करायची दोरी ओढली आणि नाव उडी मारून घाटाच्या पायरीवर आदळली.

नावेत नऊ माणसं होती. नाव नाक पायरीला लावून उभी होती, रोज उभी असते तशीच. माणसं चढली की मागे घ्यायची, वळवायची आणि पलीकडच्या काठाला लागायचं, हा तिचा पाच वर्षांचा परिपाठ. गिअरची मूठ मधोमध होती, म्हणजे न्यूट्रलला. नावाडिणीनं ती स्वतः डोळ्यांनी पाहिली होती. मूठ मधे असली की इंजिन जागच्या जागी गुरगुरतं, पाण्यातला पंखा फिरत नाही, नाव हलत नाही. आज नाव हलली, ती अशी की माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळली. दूधवाल्याचे दोन कॅन आडवे झाले. शाळेच्या बाई एक पाय पायरीवर आणि एक नावेत अशा उभ्या होत्या, त्या गुडघाभर चिखलात गेल्या.

नावाडिणीच्या मनगटाला इंजिन बंद करायची लाल दोरी बांधलेली असते. तिनं हात झटकला, दोरी सुटली, इंजिन थांबलं. दूध चिखलावर पसरत होतं.

"कुणाला लागलं का?" तिनं विचारलं.

"मला नाही," चिखलातून बाई म्हणाल्या. "माझी एक चप्पल मात्र गेली."

घाटकमिटीचे अध्यक्ष नावेच्या नाकाशीच बसले होते. त्यांचं कपाळ पुढच्या फळीवर आपटलं होतं आणि नव्या बुटांत पाणी शिरलं होतं. ते आधी बुटांकडे आणि मग तिच्याकडे पाहत उठले.

"काल इंजिन कुणी उघडलं होतं?"

"मी."

"मेस्त्री होता बरोबर?"

"नव्हता. मेस्त्री लागत नाही त्याला."

"लागत नाही ते दिसलंच," अध्यक्ष म्हणाले. "अहो वहिनी, नाव चालवणं वेगळं आणि इंजिन खोलणं वेगळं. आजपासून नाव बंद. पलीकडून माझा मेव्हणा त्याची बोट आणेल. ती लाल दोरी द्या इकडे."

त्यांनी हात पुढे केला. नावाडिणीनं दोरी पुन्हा मनगटाला गुंडाळली, गाठ मारली आणि गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

"परवा सकाळी या," ती म्हणाली. "याच जागी. नाव मागे, पुढे आणि मधे, तिन्ही गिअरांत चालवून दाखवते. नाही जमलं तर दोरी तुमची."

"परवा कशाला? मेस्त्रीला दाखवा ना."

"मेस्त्री नको. मी उघडलं, मीच लावणार."

*

त्या वर्षी पाणी फार खाली गेलं होतं. घाटाच्या सोळा पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, आणि खालच्या पायऱ्यांवर अजून शेवाळ होतं. पाणी उथळ झालं की इंजिन गाळ ओढतं. इंजिनाला गार ठेवणारं पाणी वर फेकायला आत एक रबराची चक्री असते, बोटभर जाडीची. गाळानं तिची पाती खाल्ली. इंजिन तापायला लागलं, मागून पाण्याची धार येते ती करंगळीएवढी झाली, मग थेंब थेंब. म्हणून तिनं काल दुपारी इंजिनाचा पाय उतरवला होता. पाण्यात असतो तो खालचा भाग, ज्याला पंखा असतो, त्याला घरात सगळे पायच म्हणत.

पाय उतरवायला सासऱ्यानंच तिला शिकवलं होतं. पूर्वी चार वेळा तिनं तो त्याच्या नजरेखाली उतरवला. या वेळी सासऱ्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला होता, तेव्हा तिनं एकटीनंच काम केलं. चक्री बदलली, पाय घरालगतच्या छपराखाली पोत्यावर ठेवला आणि मधेच नर्सबाईंना पलीकडे तातडीनं जायचं होतं म्हणून त्यांना वल्ह्यांनी सोडून आली. परत येऊन दिवस मावळायच्या आत पाय जोडून टाकला.

घाटावरची बातमी ती घरी पोचण्याआधी पोचली होती. सासरा ओट्यावर काठी दोन्ही हातांत धरून बसला होता. उजव्या हाताची तर्जनी त्याला निम्मीच होती. तीस वर्षांपूर्वी काठावर ठेवलेल्या इंजिनाचा पंखा कुणीतरी गंमत म्हणून फिरवला आणि बाकीची निम्मी गेली. तेव्हापासून या घरात एक नियम होता. काठावर आणलेलं इंजिन गिअरमध्ये टाकून ठेवायचं, म्हणजे पंखा अडकून राहतो आणि कुणाला फिरवता येत नाही. घरातलं प्रत्येक माणूस हा नियम पाळत होतं. सून आल्या दिवशी तिला पाण्याचा हंडा कुठे ठेवतात हे सांगायच्या आधी म्हाताऱ्यानं तो नियम सांगितला होता.

"नऊ माणसं," तो म्हणाला. "नऊ माणसं होती म्हणे."

"होती."

"माझ्या हातात इंजिन होतं चाळीस वर्षं. एकदा कुणाचा कॅन आडवा झाला नाही."

"माहीत आहे, मामंजी."

"काय शिकवलं मी तुला?"

ती आत गेली आणि तोंडावर पाणी मारलं.

आत तिचा नवरा शिलाईच्या मशीनवर बसला होता. नावाड्याचा मुलगा, पण नावेत पाय ठेवला की त्याला चक्कर येई आणि पोटातलं सगळं बाहेर. लहानपणी त्याला चारदा नावेत बसवलं, चारही वेळा नाव धुवावी लागली. शेवटी म्हाताऱ्यानं नाद सोडला आणि वल्हं सुनेच्या हातात दिलं. गावात यावरून थट्टा व्हायची. तोही हसायचा आणि काजं करत राहायचा.

"मूठ मधे होती?" त्यानं विचारलं.

"मधे होती. मी पाहिली."

"पाय उतरवला तेव्हा?"

"तेव्हाही मधे. पंखा मोकळा फिरत होता. आणि जोडताना..." ती थांबली. "जोडताना पंखा अडकलेला होता. आता आठवतंय. पण काठावर पंखा अडकलेलाच असतो आपल्याकडे. मला काही वाटलंच नाही."

नवऱ्यानं पायाखालचं पॅडल थांबवलं.

"माझं मशीन टाके सोडायला लागलं की मी आधी एकच विचारतो. मधे कुणी बसलं होतं का यावर?"

"कुणी नव्हतं. कोण येणार छपराखाली?"

*

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं इंजिन लाकडी घोडीवर चढवलं. पाय जोडतात त्या जागी बाजूला एक भोक असतं, त्याला रबरी बूच. बूच काढलं की आत दोन सळया दिसतात. एक वरून येते, मुठीकडून. दुसरी खालून येते, पायातून. दोघी मधे भेटतात आणि एक छोटा चिमटा बोल्ट आवळून त्यांना एकत्र धरून ठेवतो. मूठ हलली की वरची सळई हलते, ती खालचीला हलवते आणि गिअर पडतो.

तिनं बोट आत घातलं. वरची सळई मधे होती. खालची पार खाली दबलेली.

म्हणजे मूठ मधे आणि पाय पुढच्या गिअरात. दोघी एकमेकींशी भांडलेल्या असताना तिनं त्यांना बांधून टाकलं होतं. इंजिन सुरू होताच पंखा फिरणारच होता.

तिनं बोल्ट सोडला. कालच्या धक्क्यानं त्याचे आटे गेले होते, तो नुसताच फिरत राहिला. तिनं तो उपटून काढला, पाय पुन्हा उतरवला, खालची सळई वर ओढली. खट् असा आवाज आला. पंख्याला हात लावला, तो मोकळा फिरला. पाय पोत्यावर आडवा ठेवून ती बोल्ट आणायला निघाली. बोल्ट मिळणार पलीकडच्या दुकानात, आणि पलीकडे जायचं तर अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या बोटीतून.

मेव्हण्यानं तिला पुढे बसू दिलं नाही. "मागे बसा, कॅनांच्या बाजूला. भार सारखा राहतो." बोट सुटली तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, "घट्ट धरून बसा बरं वहिनी. घाबरायचं काम नाही."

बोटीतले दोघेतिघे हसले. नावाडिणीनं मांडीवर हात ठेवून त्याच्या इंजिनाचा आवाज ऐकला. मागून पाण्याची धार येत होती ती बघितली. धार बारीक होती.

"तुमचीही चक्री बदलायला झालीय," ती म्हणाली. "आठवडा काढेल. फार तर दहा दिवस."

मेव्हण्यानं वळून धारेकडे पाहिलं.

बोल्ट घेऊन ती परत आली, छपराखाली वाकली आणि पंख्याला हात लावला. पंखा अडकलेला होता. खालची सळई पुन्हा दबलेली.

ती तशीच वाकलेली राहिली. मग सळई वर ओढली, पंखा मोकळा केला आणि घरामागच्या कुडाआड जाऊन उभी राहिली. नवऱ्यानं खिडकीतून तिला पाहिलं आणि तोही मशीन थांबवून बाहेर आला.

थोड्या वेळानं काठीचा आवाज आला. म्हातारा मोरीकडून येत होता. छपरापाशी त्याची चाल आपोआप मंदावली. तो वाकला. निम्म्या बोटाच्या हातानं त्यानं पंखा चाचपला, जरा ढकलला, तो फिरला. म्हाताऱ्याच्या तोंडून नुसता च्च असा आवाज निघाला. त्यानं अंगठा सळईवर ठेवला आणि दाबला. खट्. पुन्हा पंखा ढकलून पाहिला. अडकला होता. तो सरळ झाला आणि ओट्यावर जाऊन बसला, दारातला दगड बाजूला सारल्यावर माणूस पुढे जातो तसा.

नावाडिणीला काल सकाळपासूनचं सगळं आठवलं. नऊ माणसं, सांडलेलं दूध, काय शिकवलं मी तुला.

"बोलणार आहेस?" नवऱ्यानं हळू विचारलं.

"बोलणार. त्यांनाच बोलणार. पण उद्याच्या आधी नाही. आज बोलले तर संध्याकाळपर्यंत कमिटीत जाईल, आणि ते अध्यक्ष त्यांना घाटावर उभं करून विचारतील."

"मग?"

"मग काही नाही. हा नियमच मोडायचा." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडे ताडपत्रीचा तुकडा आहे ना? पंख्याचं माप घ्या. पिशवी शिवा, तोंडाशी नाडी असलेली."

नवऱ्याला एक क्षण लागला, मग त्यानं कानावरचा खडू काढला.

*

या वेळी तिनं घाई केली नाही. मूठ मधे, सळई मधे, पंखा मोकळा. पाय वर उचलून जोडला, नवा बोल्ट आवळला आणि हातानं तपासायला बसली. मूठ मधे ठेवली, पंखा दोन्ही बाजूंना फिरला. मूठ मागे टाकली, पंखा दोन्ही बाजूंना घट्ट अडला. असंच हवं. मूठ पुढे टाकली. पुढच्या गिअरात पंखा एका बाजूला कट्कट् करत सरकतो आणि दुसऱ्या बाजूला अडतो. हा अडला, पण जोर लावताच करकरून निसटला.

म्हणजे पुढचा गिअर पुरता बसत नव्हता. भरल्या नावेत हा मधेच सुटला असता, आणि तोही पात्राच्या मध्यावर.

"चिमटा जरा खाली घ्यायला हवा," ती म्हणाली. "पण किती, ते आत दिसत नाही."

नवऱ्यानं आतून लाल धाग्याचं रीळ आणलं. तिनं चिमट्याच्या कडेशी सळईला धागा गुंडाळून गाठ मारली. मग बोल्ट सैल करून चिमटा धाग्याच्या एका जाडीनं खाली सरकवला, आवळला, तपासला. निसटला. आणखी एक जाडी. निसटला, पण उशिरा. तिसऱ्या जाडीला पंखा अडला तो अडलाच. तिनं दोन्ही हातांनी पात्यावर भार दिला, नवऱ्यानं दिला, पंखा हलला नाही. मागचा गिअर पुन्हा पाहिला, मधला पुन्हा पाहिला. तळहाताला पात्याच्या कडेचा वळ उठला होता.

"आता पिंप," ती म्हणाली.

परवा तिनं पिंप भरलं नव्हतं. इंजिन पिंपातल्या पाण्यात चालवून बघायचं, हे तिला माहीत होतं. पण पाणी सोळा पायऱ्या खाली गेलेलं, खेपा मोजूनच तिचा धीर सुटला होता. आज तिनं बादल्या उचलल्या. एकीकडे एक, एकीकडे एक. दहाव्या खेपेला खांदे भरून आले, पंधराव्याला बोटं उघडेनात. घाटावर बसलेल्या कुणीतरी विचारलं, "कुठे आग लागलीय का वहिनी?" ती म्हणाली, "लागणार होती. विझवतेय." एकविसाव्या खेपेला पिंप काठोकाठ झालं.

इंजिन सुरू झालं. मूठ मधे, पिंपातलं पाणी शांत. पुढे, पाणी उसळलं. मागे, उलटं उसळलं. पुन्हा मधे, पुन्हा शांत. मागून पाण्याची धार निघाली, बोटाएवढी जाड.

ओट्यावरून म्हाताऱ्यानं आवाज ऐकला. "आता बरोबर वाजतंय," तो म्हणाला.

"हो, मामंजी," ती म्हणाली, आणि ओठ दाबले.

*

सकाळी घाट भरला होता. अध्यक्ष आले होते, पायात जुने बूट. मेव्हणा आपली बोट जवळ लावून बसला होता, दूधवाला होता, शाळेच्या बाई होत्या. सगळ्यात वरच्या पायरीवर काठी टेकून सासरा उभा होता.

अध्यक्ष नावेत चढायला लागले तेव्हा नावाडिणीनं हात आडवा केला. तिनं इंजिन मागे कलतं करून पंखा पाण्याबाहेर काढला.

"आधी हात लावून बघा."

"मी कशाला?"

"जबाबदारी घ्यायला आलात ना नावेची? मूठ मधे आहे. पंखा फिरला पाहिजे. बघा."

लोक बघत होते. अध्यक्षांनी पाणी अंगावर उडू नये अशा बेतानं वाकून एका बोटानं पातं ढकललं. पंखा सुर्रकन फिरला.

"आता बसा."

तिनं दोरी ओढली. इंजिन जागच्या जागी गुरगुरलं, नाव हलली नाही. मूठ मागे, नाव पायरीपासून सुटली. मधे. पुढे. तिनं मोठा वळसा घेतला आणि नाक घाटाकडे करून वेग दिला. पायऱ्या भराभर मोठ्या होत आल्या. अध्यक्षांनी दोन्ही हातांनी फळी धरली आणि म्हणाले, "अहो. अहो वहिनी."

तिनं वेग उतरवला, मूठ मधे आणली, नाव आपल्या ओढीनं पुढे सरकत राहिली, मग मूठ मागे. पाणी फेसाळलं. नाव पायरीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. दूधवाल्यानं खाली बसून वीत लावून पाहिली आणि घाटावर हसू पसरलं.

अध्यक्षांनी फळी सोडली. त्यांना काहीतरी बोलणं भाग होतं.

"ठीक आहे. चालली. पण परवा काय झालं होतं? कुणाची चूक, ते कळायला हवं कमिटीला."

वरच्या पायरीवर काठी हलली. नावाडिणीनं तिकडे पाहिलं नाही.

"माझी. जोडायच्या आधी पंखा फिरवून पाहिला नाही आणि पिंपात चालवून पाहिलं नाही. दोन्ही माझंच काम होतं."

"म्हणजे चूक कबूल."

"कबूल."

"मग ती दोरी..."

"चूक कबूल केली," ती म्हणाली. "नाव सोडायचं कबूल केलेलं नाही. परवा मी सांगितलं होतं, जमलं नाही तर दोरी तुमची. जमलं."

"असं कसं? लोकांना इजा झाली असती. लोकांचं म्हणणं..."

"चिखलात मी पडले," शाळेच्या बाई म्हणाल्या. त्यांनी अध्यक्षांच्या बाजूनं नावेत पाय टाकला. "माझं म्हणणं एवढंच की शाळा भरायला वीस मिनिटं आहेत."

दूधवाल्यानं कॅन चढवले. मग बाकीचे चढले. अध्यक्ष उतरावं की बसावं या विचारात असतानाच नाव सुटली, आणि त्यांना काम नसताना पलीकडे जाऊन यावं लागलं.

*

दुपारी तिनं इंजिन काठावर आणून घोडीवर ठेवलं. सासरा आला. त्याचा हात सवयीनं मुठीकडे गेला.

"राहू द्या, मामंजी," ती म्हणाली. "मधेच राहू द्या."

"पंखा मोकळा राहील."

"मोकळाच राहायला हवा. अडकलेला दिसला की मला कळलं पाहिजे, काहीतरी बिघडलंय."

"आणि कुणाचं बोट गेलं तर?"

तिनं ताडपत्रीची पिशवी त्याच्या हातात ठेवली. म्हाताऱ्यानं ती चाचपली. दुहेरी शिलाई, तोंडाशी नाडी. त्यानं आत हात घालून पाहिला.

"परवाच्या आदल्या दिवशी तू नर्सबाईंना घेऊन गेली होतीस," तो म्हणाला. "पाय पोत्यावर होता."

"हो."

"पंखा फिरत होता."

तिनं इंजिनावरचा गाळ पुसला.

"आणि मी तुलाच विचारलं, काय शिकवलं म्हणून."

"विचारलंत," ती म्हणाली. "मला राग आला होता. अजून आहे. पिशवी बांधा आता. तुमच्या मुलाची शिलाई आहे, उसवायची नाही."

म्हातारा वाकला. पिशवी चढवायच्या आधी त्यानं निम्मं बोट पात्यावर ठेवलं आणि ढकललं. पंखा फिरला. तो थांबेपर्यंत त्यानं हात मागे घेतला नाही. मग पिशवी चढवून नाडीला दोन गाठी मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेट्रोलचा डबा घेऊन घाटावर आली तर माणसं रांगेत उभी होती आणि कोणी चढत नव्हतं. सोळा पायऱ्या उतरून म्हातारा नावेशी पोचला होता. इंजिन कलतं केलेलं, पिशवी त्याच्या खांद्यावर. त्यानं काठी आडवी धरली होती आणि काठीच्या अलीकडे अध्यक्ष उभे होते.

"अहो, मला तहसीलला जायचंय," अध्यक्ष म्हणत होते.

"जा की," म्हातारा म्हणाला. "आधी पंखा फिरवून बघायचा, मग चढायचं. आमच्या नावाडिणीचा नियम आहे."